झर्मॅटचा तुटलेला दोर

लंडनचा एडवर्ड व्हिंपर आल्प्समध्ये गेला तो गिर्यारोहक म्हणून नव्हे. लाकडी ठशांवर चित्रे कोरणारा हा विशीतला तरुण १८६० साली एका प्रकाशकासाठी डोंगरांची रेखाटने करायला निघाला आणि मॅटरहॉर्नच्या नादी लागला. इटलीच्या बाजूने वर्षानुवर्षे केलेले सारे प्रयत्न फसले. अखेर त्याने स्वित्झर्लंडमधले झर्मॅट हे लहानसे गाव गाठले. तिथून निघालेले सातजण १४ जुलै १८६५ रोजी ४,४७८ मीटर उंचीच्या त्या शिखरावर पोचले.

उतरताना नवख्या हॅडोचा पाय घसरला. त्याच्यासह चौघे खाली ओढले गेले. त्यांच्या वर झर्मॅटचा वाटाड्या पीटर टाउगवाल्डर पाय रोवून उभा होता. मधला दोर तुटला. वाचले ते पीटर, त्याचा मुलगा आणि व्हिंपर.

पीटरनेच दोर कापला, अशी कुजबुज सुरू झाली. चौकशीत तो निर्दोष ठरला. दोर कापलेला नाही, असे व्हिंपरनेही लिहिले. पण तिथे नेमका कमजोर दोरच का बांधला, ही शंकाही त्यानेच छापली. वास्तविक तो जुना दोर व्हिंपरचाच! पुस्तकाने व्हिंपरचे नाव झाले. पीटरला मात्र तो संशय चिकटला, तो कायमचा. १९११ साली व्हिंपर शामोनीत वारला. दोराचा तुकडा झर्मॅटच्या संग्रहालयात ठेवला आहे.