रिकार्डो आणि राष्ट्रीय कर्जाचे ओझे

अर्थसंकल्प जाहीर झाला की सरकारी कर्जाला लोकसंख्येने भागून प्रत्येक नवजात अर्भकाच्या डोक्यावरील कर्जाचा आकडा सांगण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. कर्जरोखेही याच देशातील लोकांच्या, बँकांच्या आणि विमा मंडळाच्या तिजोरीत असतात, हे मात्र सांगितले जात नाही. दोनशे वर्षांपूर्वी या गोंधळाची उकल करणारा डेव्हिड रिकार्डो स्वतः कर्जरोख्यांवरच श्रीमंत झाला होता.

१७७२ साली लंडनमधील एका ज्यू रोखेदलालाच्या घरी तो जन्मला. चौदाव्या वर्षी वडिलांच्या धंद्यात शिरला. १७९३ मध्ये क्वेकर पंथातील मुलीशी विवाह केल्यामुळे घर तुटले आणि त्याने स्वतंत्र व्यवसाय मांडला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी सरकार जी कर्जे उभारी, त्यांच्या कंत्राटदारांत तो असे. वॉटर्लूच्या लढाईपूर्वी चारच दिवस ३.६ कोटी पौंडांचे कर्ज उभारले गेले. त्याचा मित्र माल्थस याने धीर सोडून आपला लहानसा वाटा विकावयास लावला. रिकार्डो थांबला आणि गडगंज झाला.

युद्धानंतर ब्रिटनचे कर्ज ८० कोटी पौंडांवर गेले. रिकार्डोचे म्हणणे असे की, युद्धाची खरी किंमत धान्य, दारूगोळा आणि मनुष्यबळ यांच्या रूपाने युद्धकाळातच मोजली गेली. नंतरचे व्याज करदात्याच्या खिशातून रोखेधारकाच्या खिशात जाते. तेवढ्याने देश दरिद्री होत नाही. पण करदाता कोण आणि रोखेधारक कोण? १८१६ मध्ये आयकर रद्द झाल्यावर व्याजाचा भार मुख्यतः जिनसांवरील करांवर, म्हणजे गरिबांच्या गरजांवर पडला. ओझे आहे ते हे.

तरीही रिकार्डोला कर्ज नको होते. लोक केवळ व्याजाचाच विचार करतात, बचत करीत नाहीत आणि करांना कंटाळून भांडवल परदेशी नेतात, अशी त्याला धास्ती होती. (कर आणि कर्ज यांना लोक सारखेच लेखतात, हा सिद्धांत १९७० च्या दशकात त्याच्याच नावावर चढला, हा त्याच्यावर अन्यायच!) १८१९ मध्ये खासदार झाल्यावर मालमत्तेवर एकदाच कर बसवून सारे कर्ज फेडावे, अशी सूचना त्याने केली. तो स्वतः तोवर मोठा जमीनदार झाला होता. सभागृहाने ती मनावर घेतली नाही. १८२३ मध्ये कानाच्या विकाराने तो वारला. पुढे १९१४ पर्यंत कर्जाची रक्कम थोडीच उतरली. राष्ट्रीय उत्पन्न मात्र इतके वाढले की कर्ज त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरले.

त्याच शतकात हिंदुस्थानच्या नावे लंडनमध्ये काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र येथील रयत भरी आणि ते तेथील रोखेधारकांच्या खिशात जाई.