ताऱ्यांचे स्फोट ओळखणारे रुडॉल्फ मिंकोव्स्की

लोलकातून ऊन गेले की भिंतीवर सात रंगांचा पट्टा पडतो, हे तुम्ही शाळेत पाहिले असेल. त्याला वर्णपट म्हणतात. वर्णपटावरून फुटणाऱ्या ताऱ्यांची ओळख पटवणाऱ्या एका शास्त्रज्ञाची माहिती या अंकात आम्ही देत आहोत.

रुडॉल्फ मिंकोव्स्की यांचा जन्म १८९५ साली स्ट्रासबर्ग येथे झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते, आज फ्रान्समध्ये आहे. घराणे विद्वानांचे. मधुमेहाचा संबंध स्वादुपिंडाशी असतो, हे दाखवून देणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी एक म्हणजे त्यांचे वडील ऑस्कर. काका हर्मान हे मोठे गणिती, आइन्स्टाइनचे शिक्षक. रुडॉल्फ स्वतः हॅम्बुर्गला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. पण हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू वंशाचे म्हणून त्यांची नोकरी गेली. १९३५ साली, चाळिशीत, ते अमेरिकेत आले. आम्ही पालकही साधारण याच वयाचे. पण आम्ही आपल्या मर्जीने देश सोडला, त्यांना तो सोडावा लागला. हॅम्बुर्गचे मित्र वाल्टर बाडे कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत होते. तेथेच त्यांना काम मिळाले.

त्या काळी पालोमार पर्वतावरून फ्रिट्झ झ्विकी दूरच्या दीर्घिकांमध्ये सुपरनोव्हा, म्हणजे अतिनवतारे, शोधत होते. असा तारा काही आठवडे झळकतो आणि मग मावळत जातो. तो दिसेनासा होण्याआधी मिंकोव्स्की त्याचा वर्णपट फोटोच्या काचेवर टिपून घेत.

१९४१ पर्यंत असे १४ वर्णपट अभ्यासून झाले. त्यांतले ९ एकमेकांशी चांगलेच जुळत होते आणि त्यांत हायड्रोजनची खूण नव्हती. उरलेल्या ५ मध्ये ती होती. पहिल्यांना त्यांनी 'प्रकार १' म्हटले, दुसऱ्यांना 'प्रकार २', आणि तेही तात्पुरते. पहिल्या प्रकारातले पट्टे कशामुळे पडतात, हे तेव्हा उलगडले नव्हते. म्हणून त्यांनी ओढूनताणून कारण दिले नाही. जे वेगळे दिसले ते वेगळे ठेवले. आम्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे मनापासून पटते.

ती तात्पुरती नावे आजही चालतात! पुढे प्रकार १ चे 'ए', 'बी', 'सी' असे पोटप्रकार झाले. 'ए'मध्ये श्वेतबटू तारा फुटतो. 'बी', 'सी' आणि प्रकार २ मध्ये फार जड ताऱ्याचा गाभा कोसळतो. 'ए'च्या तेजावरून अंतर मोजता येते. त्यावरूनच १९९८ साली कळले की विश्वाचे प्रसरण दिवसेंदिवस वेग घेत आहे. हे पाहायला मिंकोव्स्की नव्हते. १९७६ साली बर्कली येथे त्यांचे निधन झाले.

आता घरी एक करा. जुनी सीडी आधी साध्या बल्बखाली आणि मग ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. रंगांत काय फरक दिसतो, तो वहीत लिहून पुढच्या वर्गाला आणा. सीडीतून सूर्य मात्र पाहू नका.