शत्रूच्याही लेकरांसाठी दान मागणारे पोप

पोप बेनेडिक्ट पंधरावे यांचा जन्म १८५४ साली इटलीतील जेनोआ येथे झाला. पहिले महायुद्ध पेटले असतानाच, सप्टेंबर १९१४ मध्ये, ते पोपपदी आरूढ झाले. युद्धकैद्यांची खबर त्यांच्या कुटुंबांना कळावी म्हणून त्यांनी व्हॅटिकनमध्ये कार्यालय उघडले. १९१८ साली युद्ध थांबले. परंतु मध्य युरोपातील बालके अन्नवस्त्रांवाचून तडफडत होती. त्यांतील पुष्कळ इटलीच्या शत्रुराष्ट्रांतील होती. तरीही नोव्हेंबर १९१९ मध्ये विश्वपत्र लिहून पोपमहोदयांनी २८ डिसेंबरला, निष्पाप बालकांच्या सणाला, जगभरच्या धर्मप्रांतांत त्यांच्यासाठी दान गोळा करण्यास सांगितले. पुढील वर्षी पुन्हा आवाहन करून स्वतःही एक लाख लिरा दिले. जानेवारी १९२२ मध्ये ते ख्रिस्तवासी झाले. युद्धग्रस्तांसाठी दान देताना लेकरे कोणत्या बाजूची हे विचारू नये, हाच त्यांचा वारसा होय.