अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक



‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला आहे. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली आणि हे नाव सर्वत्र गेले. परंतु त्यापूर्वी तीस वर्षे एका लहानशा गावात ज्या बाईंनी खरोखरच अंगणात बसून मुलांना शिकवले, त्या पद्मभूषण ताराबाई मोडक यांची ओळख नव्या पिढीला फारशी नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाशी जोडलेल्या केळकर कुटुंबात झाला. मुली क्वचितच कॉलेजात जात, त्या काळात त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीची जबाबदारी एकटीवर आली. तरी त्या खचल्या नाहीत. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयात त्यांनी प्राचार्यपद सांभाळले. पुढे ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि बालमंदिरातील छोट्या मुलांमध्ये रमल्या.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ताराबाईंनी गुजरातेत राहून गुजराती आपलीशी केली, त्या भाषेत काम केले आणि तेथे मिळालेले ज्ञान ‘शिक्षणपत्रिके’च्या मराठी आवृत्तीतून मराठी घरांत पोहोचवले. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे काम त्यांनी आयुष्यभर केले. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

शहरातील काम चांगले चालले होते. पण माँटेसरी पद्धतीची साधने महाग, त्यामुळे हे शिक्षण सुखवस्तू घरांपुरतेच राहते, हा विचार ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. गावात बालवाडी उघडली, परंतु गरीब वस्तीतील मुले तेथे येत नसत. मुले येत नाहीत म्हणून पालकांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. त्या बालवाडीच वस्तीत घेऊन गेल्या. घरापुढच्या अंगणात आधी स्वच्छता, मग गाणी, गोष्टी, खेळ. शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. एकही वस्तू परदेशातून मागवावी लागली नाही.

१९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाड टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी सुरू झाले. तेथे नवी अडचण आली. मोठ्या मुलींना धाकटी भावंडे सांभाळावी लागत, मुलांना गुरे राखावी लागत. म्हणून ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. भावंडाला कडेवर घेऊन ताई शाळेत येऊ लागली. गुराख्यांसाठी तर कुरणातच शाळा भरवली गेली.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे अनुताईंनी हे कार्य अखेरपर्यंत चालवले.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? प्राचार्यपद भूषवलेली विदुषी बालवर्गाला कमी लेखत नाही, हे आम्ही शिक्षकांनी व विश्वस्तांनी ध्यानात ठेवावे. बालवर्गाच्या ताईंचे काम हे केवळ मुले सांभाळण्याचे काम नव्हे. त्यांचे प्रशिक्षण, मानधन आणि मान यांचा विचार शाळेच्या इमारतीइतकाच अगत्याने व्हावा. पालकांनी साडेतीन वर्षांच्या मुलाला किती अक्षरे लिहिता येतात हे विचारण्याआधी, ते शाळेत आनंदाने येते का, घरच्या भाषेत मोकळेपणाने बोलते का, हे पाहावे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या गल्लीत शाळेत न येणारे एखादे मूल असेल, तर त्याच्या अंगणापर्यंत जरूर जा.