मालगुंडचे घर

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याच्या लगत मालगुंड हे गाव आहे. येथील एका साध्या कौलारू घरात १८६६ साली कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांचा जन्म झाला. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक ठरलेल्या या कवीला पुढे स्थिर असे घर मात्र क्वचितच लाभले. वडील शाळामास्तर, कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची. शिक्षणासाठी खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे अशी वणवण झाली आणि मॅट्रिक होईपर्यंत १८८९ साल उजाडले. पुण्यात आगरकरांच्या विचारांचा संस्कार झाला, तोच काय तो या धावपळीतील मोठा लाभ.

नंतरचे आयुष्य मुंबई, खानदेशातील फैजपूर आणि शेवटी धारवाड येथे शिक्षकी पेशात गेले. मराठीतील पहिले सुनीत १८९२ चे, 'तुतारी' १८९३ ची. या कवितांचे जन्मस्थान मालगुंड नव्हे, तर परगावची बिऱ्हाडे होत. घराची ओढ मात्र सुटली नाही. 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' ही कविता ज्याने वाचली आहे, त्याला ती निराळी सांगावी लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला; पाठोपाठ पत्नीही गेली. वय अवघे एकोणचाळीस. हरिभाऊ आपटे यांनी संपादिलेला कवितासंग्रह निघाला तो त्यांच्या पश्चात.

जन्मघराचे भाग्य उजळण्यास आणखी कितीतरी दशके जावी लागली. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली आणि तिने हे काम अंगावर घेतले. मूळचे रूप राखून घराची डागडुजी झाली. ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले.

थोरांच्या घरांत पुष्कळदा पलंग, दौत आणि पगडी यांचेच दर्शन घडते. केशवसुतांमागे असा संसार उरलाच किती? येथे शोभा आहे ती कवितांची. घराच्या आवारात त्यांच्या कविता शिळांवर कोरल्या आहेत. शेजारच्या दालनात त्यांच्या मागून आलेल्या मराठी कवींची चित्रे व कविता मांडल्या आहेत, आणि जोडीला ग्रंथालयही आहे. स्वतःचे एकही पुस्तक छापलेले न पाहिलेल्या कवीच्या अंगणात आज इतरांची पुस्तके वाचली जातात.