क्रमांकानंतरचे आयुष्य

विद्यापीठीय विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धा १९९४ साली बल्गेरियात सुरू झाली. दर उन्हाळ्यात अनेक देशांतील तरुण दोन दिवस, रोज पाच तास, मोजक्या प्रश्नांशी झुंजतात. अमेरिकेतील पटनम स्पर्धा तर १९३८ पासून चालू आहे. अशा यादीत भारतीय नाव झळकले की आपण हरखतो. त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच विचारतो. हा प्रश्न मनात आला की मला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आठवतात.

त्यांचा जन्म १८७६ साली कोकणात, दापोलीजवळच्या मुर्डी या खेड्यात झाला. नात्यातील धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. तेथील गणिताची ‘ट्रायपॉस’ ही नावाने परीक्षा, पण प्रत्यक्षात शर्यत होती. प्रथम श्रेणीतील विद्यार्थ्यांना ‘रँग्लर’ म्हणत आणि त्यांची क्रमवार यादी सिनेट हाउसमध्ये मोठ्याने वाचली जाई. आनंदमोहन बोस १८७४ मध्ये पहिले भारतीय रँग्लर ठरले होते. १८९९ मध्ये परांजपे थेट पहिले आले. हा मान जॉर्ज बर्टविसल यांच्यासह विभागून मिळाला असला, तरी सीनिअर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय होत. कठोर विचारशक्ती पौर्वात्यांच्या आवाक्याबाहेरची आहे, असे मानणाऱ्या साम्राज्यकाळात या निकालाचे राजकीय मोल मोठे होते.

त्या शर्यतीची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. रँग्लर घडत ते मुख्यतः खासगी शिकवणीत. एडवर्ड राउथ या एकाच शिक्षकाच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनिअर रँग्लर बाहेर पडले. जुने प्रश्न, ठरलेल्या युक्त्या आणि हाताचा वेग यांचाच तो अभ्यास. शिकवणी वर्गांचा धंदा ही आपल्याकडचीच व्याधी आहे, असे समजणाऱ्यांनी व्हिक्टोरियन केंब्रिजकडे जरूर पाहावे. १८९८ मध्ये चौथे आलेले जी. एच. हार्डी यांनी या पद्धतीविरुद्ध मोहीम चालवली आणि १९०९ नंतर क्रमवार यादी बंद झाली. पुढे याच हार्डींनी श्रीनिवास रामानुजन यांना केंब्रिजला आणले. रामानुजन मद्रास इलाख्यातील महाविद्यालयीन परीक्षेतही अनुत्तीर्ण झाले होते.

परांजपे यांच्या नावावर गणितातील असे मूलभूत संशोधन नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हे नोंदवताना मला संकोच वाटत नाही, कारण त्यांचा मोठेपणा अन्यत्र आहे. सेंट जॉन्सची फेलोशिप मिळूनही ते परतले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाला तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन असे. ते त्यांनी पाळले. पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. त्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि सक्तीच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. लखनौ विद्यापीठाचे कुलगुरुपद, ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्तपद आणि उतारवयात पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद असा त्यांचा प्रवास झाला. पक्के बुद्धिप्रामाण्यवादी आणि नेमस्त राजकारणी असल्याने लोकप्रियता त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. तिच्यासाठी त्यांनी मते बदलली नाहीत. १९६६ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले.

मी स्वतः स्पर्धा परीक्षेतूनच प्रशासनात आलो. गुणवत्ता यादी किती सांगते आणि किती झाकते, हे मला तीन दशकांच्या नोकरीत उमगत गेले. ठरावीक वेळेत, ठरावीक प्रश्नांवर कोण पुढे आहे, एवढेच ती सांगते. संशोधनाला लागणारी चिकाटी किंवा लोकसेवेला लागणारी निष्ठा तिच्यात मोजलेली नसते. म्हणून स्पर्धा नकोत, असे मी म्हणणार नाही. मुर्डीच्या मुलाला जगाच्या रांगेत उभे केले ते स्पर्धेनेच. परंतु त्या मुलामागे आधी कर्वे होते, सरकारी शिष्यवृत्ती होती आणि परतल्यावर काम सोपवणारी संस्था होती. रामानुजन यांच्या वेळी मात्र आपल्या विद्यापीठांपाशी परीक्षेखेरीज दुसरी मोजपट्टीच नव्हती.

आजच्या धोरणकर्त्यांसमोरचा प्रश्न हाच आहे. पदकविजेत्यांचा सत्कार करणे सोपे असते. त्यांना संशोधनाची वा अध्यापनाची भक्कम जागा देणे आणि यादीत न मावणाऱ्यांसाठी एखादे दार उघडे ठेवणे, ही खरी कसोटी आहे. १८९९ चा निकाल एका दिवसात लागला. त्याचे मोल सिद्ध व्हायला परांजपे यांना उरलेले आयुष्य द्यावे लागले.