लाइट गेल्यावर फिरणाऱ्या पंख्यामागं १८५९ सालचा हा माणूस आहे : गॅस्तों प्लांते

लातूर आणि नांदेड ही मराठवाड्यातली कोचिंग क्लासची शहरं. नीट-जेईईच्या तयारीला राज्यभरातून पोरं इथं येऊन राहतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, लाइट जाते आणि सगळी भिस्त इन्व्हर्टरच्या बॅटरीवर येते. काही वर्षांनी मात्र तीच बॅटरी फुल चार्ज दाखवते आणि अर्ध्या तासात बसते.

असं का होतं? याचं उत्तर ही बॅटरी शोधणाऱ्या माणसाच्या आयुष्यात सापडतं.

गॅस्तों प्लांते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा, फ्रान्समधल्या ऑर्थेझ गावचा. १८५४ मध्ये ते पॅरिसला भौतिकशास्त्राचे सहायक म्हणून लागले. पुढच्याच वर्षी त्यांना पॅरिसजवळ एका अवाढव्य प्राचीन पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून गॅस्टॉर्निस हे नाव मिळालं.

पण त्यांचा खरा जीव विजेत होता. तेव्हाच्या बॅटऱ्या एकदा संपल्या की आतला माल बदलावा लागे. १८५९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, प्लांतेंनी शिशाचे दोन पत्रे एकमेकांना टेकणार नाहीत अशा बेतानं गुंडाळले आणि पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवले. त्यातून वीज सोडली, मग बंद केली. पत्र्यांनी ती वीज परत दिली. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी तयार झाली होती. १८६० मध्ये त्यांनी असे नऊ सेल जोडून फ्रेंच विज्ञान अकादमीपुढं मांडले.

अडचण एकच होती. बॅटरी पटकन भरायची आणि पटकन संपायची. कारण गुळगुळीत शिशाचा फक्त वरचा पातळ थर काम करत होता. मग प्लांते तीच बॅटरी महिनोन् महिने चार्ज-डिस्चार्ज करत राहिले. पत्रे हळूहळू सच्छिद्र झाले आणि क्षमता वाढली. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन हा वेळ वाचवला. प्लांते यांनी पुढं ८०० सेल जोडून विजेच्या कडकडाटाचा अभ्यास केला. १८८९ मध्ये ते वारले.

त्यांच्या त्या खटाटोपातून एक गोष्ट कळते. बॅटरी किती भरली आहे हे एक, आणि तिच्यात मुळात किती मावतं हे दुसरं. घरातल्या जुन्या बॅटरीत प्लांतेंच्या कामाच्या उलटं घडतं. पाणी कमी पडलं किंवा बॅटरी बराच काळ उतरलेली राहिली, तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि काम करणारा भाग घटतो. मराठवाड्यातल्या उन्हात हे आणखी लवकर होतं.

म्हणून तपासण्याही दोन.

चार्ज बघायचा तर चार्जिंग बंद करून, लोड काढून, काही तासांनी व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टच्या बॅटरीत १२.६ च्या वर म्हणजे जवळपास फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. हायड्रोमीटर असेल तर सहाही सेल तपासा. बॅटरी उतरते तसं ॲसिड पातळ होतं, म्हणून रीडिंग खाली येतं. एकाच सेलचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा ०.०५ नं कमी असेल, तर तो सेल खराब होत चालला आहे. हे करताना हातमोजे आणि चष्मा घाला, जवळ काडी पेटवू नका.

तब्येत बघायची तर बॅटरी फुल चार्ज करा, ठरावीक पंखे-दिवे लावा आणि घड्याळ बघा. नवी असताना ४ तास चालणारी बॅटरी त्याच लोडवर २ तासांत बसली, तर क्षमता निम्म्यावर आली आहे. मग व्होल्टेज कितीही चांगलं दिसो. ही वेळ बॅटरी नवी असतानाच एकदा लिहून ठेवा. पाणी टाकताना मात्र डिस्टिल्डच टाका, बोअरचं क्षारयुक्त पाणी प्लेटा खराब करतं.